टिलीचे डोळे

"अँटिफ्रीझच आहे ते! शेजारच्या लुसिलच्या गॅरेजमध्ये गाडीत ओतायचं ते विष सांडलेलं असतं. गोड लागतं म्हणून मांजरं चाटतात."

"आणि मरतात, आई. टिली मेलेली नाही, आंधळी झालीय," मारेन म्हणाली. "ती बाबांबरोबर तळ्यावर जाते, नाहीतर घरात असते. लुसिलकडे काय उडत गेली?"

"तू लुसिलची वकील का गं?"

ऑर्लिन बुटांच्या नाड्या बांधत होता. बायको आणि लेक भांडायला लागल्या की त्याच्या नाड्या लवकर बांधून होत नसत.

व्हर्नानं अख्खा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. जिममागे कोणता पोरगा सिगरेट ओढून आला, हे ती ताट वाढता वाढता ओळखायची. मागच्या तापात ते नाक गेलं ते गेलंच. मग नाकाची कामं संशयानं अंगावर घेतली. लुसिलनं ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल पॅनसकट पाठवला होता. व्हर्नानं कालच तिचा पॅन रिकामा परत केला. त्यांच्या गावात याहून मोठी शिवी नव्हती.

मारेननं गाडी काढली, व्हर्नानं टिलीला मांडीवर घेतलं. मांजर भिंतीला धडकून धडकून नाक सोलून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत दिवा धरला, एक्स-रे काढला.

"विष नाही हे. फुप्फुसात कॅन्सरची गाठ आहे. तिथून तो डोळ्यांत पसरलाय. मांजरांत कधीकधी खोकल्याआधी डोळेच जातात." त्यांनी टिलीला उचललं आणि तिच्या मानेचा वास नाकाशी येताच त्या थबकल्या. "घरात सिगरेट कोण ओढतं?"

"कोणी नाही. नवऱ्यानं हार्टच्या ऑपरेशननंतर सोडली."

डॉक्टरीणबाईंनी मारेनकडे पाहिलं. मारेननं फरशीकडे.

"धुरामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हिचे केस धुरानं माखलेत, आणि मांजर दिवसभर तेच चाटतं. श्वास जड झालाय. हिचे हाल फार दिवस लांबवू नका."

गोठलेल्या तळ्यावर ऑर्लिनची मासेमारीची टपरी होती. खिडकी इवलीशी, शेगडी पेटलेली, मांडीवर टिली. अख्खा हिवाळा.

घरी आल्यावर व्हर्नानं कोटही काढला नाही.

"मी लुसिलवर विषाचा आळ घेत होते आणि तू नाड्या बांधत होतास."

"एखादीच गं, मासा गळाला लागेपर्यंत," ऑर्लिन पुटपुटला. "तुला त्रासही नव्हता. वास येत नाही म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर सोय झाली."

"आई, मला वाटलं तुला ठाऊक असेल," मारेन म्हणाली.

"नाक गेलंय माझं, कान नाहीत. सांगायचं होतंस."

टिली आवाजाच्या दिशेनं चाचपडत आली आणि नेमकी ऑर्लिनच्या पायाशी जाऊन बसली. त्यानं तिला उचललं नाही.  व्हर्नानं ओव्हन लावला, पिठाचा डबा खाली काढला.

"उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नेऊन टिलीला इंजेक्शननं कायमचं झोपवायचं," ती म्हणाली. "मारेन गाडी चालवेल. टिलीला ऑर्लिन धरेल, शेवटपर्यंत. येताना लुसिलकडे थांबायचं. केक मी देईन, आणि तो कशाबद्दल ते ऑर्लिन सांगेल."