पायाची नाडी

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी बनारसला भरणाऱ्या परिषदांचा मी कित्येक वर्षं अध्यक्ष होतो. तिथे ज्ञान कमी आणि शाली जास्त. शिकाऊ डॉक्टर मागच्या खुर्च्यांवर डुलक्या काढत, आम्ही ज्येष्ठ पुढच्या सोफ्यांवर. एक प्रथा मात्र कटाक्षाने पाळत असू. पाहुण्या सर्जनने शस्त्रक्रिया केलेला रुग्ण व्यासपीठावर आणायचा, विद्यार्थ्याने त्याच्या पायाची नाडी पाहायची, ‘लागली’ म्हणायचं आणि टाळ्या पडायच्या.

त्या वर्षी रामनगरचा एक विणकर आणला होता. नाडी पाहायला माझीच विद्यार्थिनी होती, साताऱ्याकडची, नुकतंच लग्न झालेली. ती बोटं ठेवून बराच वेळ थांबली. मग माझ्या कानाशी येऊन, इतरांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, “सर, नाडी लागत नाहीये. पाय गार आहे. यंत्र लावून बघू या का?”

माझी अब्रू राखायचा तिचा तो प्रयत्न मला उद्धटपणा वाटला. मी दोन बोटं त्या पायावर दाबली. ठोके लागले. जोरात दाबलं की स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात, म्हणून दुसरा हात रुग्णाच्या मनगटावर ठेवून ताल जुळवायचा, हे पहिल्या आठवड्यात मीच शिकवतो. माझ्या दुसऱ्या हातात माइक होता.

“बेटा, पहले मेहंदी छूटने दो, फिर नाड़ी टटोलना,” मी माइकवरून म्हणालो. सभागृह हसलं. पाय बधिर झालाय असं विणकर सांगत होता. पाहुणे म्हणाले, होतं असं. आम्ही जेवायला गेलो.

तिने त्याला वॉर्डात नेऊन यंत्र लावलं. रक्ताचा आवाज नव्हता. तिने मला तीनदा फोन केला. पाहुणे विनोद सांगत होते, म्हणून मी उचलला नाही. संध्याकाळी पाय पाहिला तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विणकराच्या घरच्यांना मी सांगितलं की यांनी बिडी सोडली नाही, म्हणून नस बंद पडली. परिषदेच्या अहवालात शस्त्रक्रिया यशस्वी लिहिली. तिच्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं, ‘तपासणीत कच्ची, उतावीळ.’ त्या शेऱ्यामुळे तिला पुढच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली नाही.

शेरा खोटा होता, असं आता विद्यापीठाला सहीनिशी कळवलं आहे. गेल्या आठवड्यात पूल ओलांडून रामनगरला गेलो आणि विणकराला सगळं सांगितलं. त्याने आतून थोरल्या मुलाला बोलावलं. इतकी वर्षं तो मुलगा बापाला बिडीवरून बोलत आला होता.

“फिर से कहिए,” विणकर मला म्हणाला. “इसके सामने.”

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.