पडद्याआडून मुलाखत

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. कुहीची कुसुम नागपुरातल्या एका अध्यापक विद्यालयात मुलाखतीला गेली होती. समोरच्या गृहस्थांनी तिचं आडनाव वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. कुसुम उभीच. शेवटी धीर करून तिनं म्हटलं, "मले एक तरी प्रश्न इचारा जी."

"मले!" गृहस्थ शेजारच्यांकडे वळून म्हणाले, आणि टेबलाभोवतीची सगळीच माणसं हसली. तिला जा असं कुणी म्हटलंसुद्धा नाही. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं, एवढंच.

पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रवेश मिळाला. कुसुम शिकली, एम.ए. झाली आणि त्याच पहिल्या विद्यालयात मराठी शिकवायला लागली. तोवर तिच्या बोलण्यातून कुही साफ निघून गेली होती. भाऊ बळीराम भेटायला आला की तो त्याच्या बोलीत बोले, कुसुमताई पुस्तकी मराठीत उत्तर देत. तो हसून म्हणे, "बाई, तुह्यासंग बोलाचं म्हणजे कचेरीत गेल्यासारखं वाटते." कुसुमताईंना त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे.

मुलाखतीचं ते हसणं मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. चौऱ्याहत्तर साली प्रवेश समितीवर नेमणूक झाली तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत आपली योजना मांडली. उमेदवाराचं नाव नको, फक्त क्रमांक. उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये जाड पडदा. म्हणजे आडनाव नाही, रंग नाही, लुगडं नाही, ओळखपाळख नाही. प्रश्न सगळ्यांना सारखे. गुण तीन भागांत: विषयाचं ज्ञान, समजावून सांगण्याची हातोटी आणि शुद्ध भाषा. तिसरा भाग त्यांनी स्वतः हट्टानं घातला होता. मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या बाईची भाषा स्वच्छ हवी, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

संस्थेचे चिटणीस बाबाराव विरोध करतील म्हणून त्या तयारीनं गेल्या होत्या. बाबारावांनी पानाचा तोबरा सावरत मान डोलावली. "वा, कुसुमताई! पडदा आम्ही देतो. आमच्या नाट्यमंडळाचा पडलाय एक."

जूनमध्ये बळीराम आला. सोबत मुलगी प्रेमिला. मॅट्रिकला कुहीच्या शाळेत पहिली आलेली, उंच, सावळी, बोलताना पदराचं टोक चाळवणारी. नंदनवन तेव्हा नुकतंच वसत होतं. कुसुमताईंच्या दोन खोल्यांपुढे अजून चिखलच होता. बळीरामनं दारातच पाय पुसले आणि तांदळाचं पोतं उतरवलं.

"कुसुम, काही मांगत नाई मी. फक्त इले सांग, काय इचारतेत थे. दोन दिवस ठेवून घे इले."

"दादा, मी समितीवर आहे. मी तिला एक शब्दसुद्धा सांगणार नाही. आणि या आठवड्यात ती इथे राहणारही नाही. उद्या कुणी म्हणेल, आत्याच्या घरून आली."

"अवो आत्याबाई," प्रेमिला हळूच म्हणाली, "मी काही नाई इचारत. तुमच्यासारखं बोलणं आयकाचं होतं फक्त. पुस्तकातून येत नाई थे."

कुसुमताईंनी पोतं उचलायला सांगितलं.  बळीरामनं पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि दोघं बसस्टँडकडे निघाले. चहाही झाला नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी सभागृहात निळा, कडांना जरीचा पट्टा असलेला नाटकाचा पडदा टांगला होता. अलीकडे टेबलाशी प्राचार्या, बाबाराव आणि कुसुमताई. पलीकडे खुर्ची. एकेक आवाज येऊन जाऊ लागला. समोर माणूस दिसत नव्हतं, म्हणून बाबाराव अधिकच मोकळे झाले. कुणी अडखळलं की ते पोट धरून हसत, तोंडानं नक्कल करत. पलीकडची मुलगी ते ऐकून गप्प होई. कुसुमताईंनी दोनदा त्यांना टोकलं. "अहो, तिला काय कळतंय आम्ही कोण ते," बाबाराव म्हणाले.

दुपारी एक आवाज आला, ठाम आणि नितळ. वजाबाकी न जमणाऱ्या मुलाला कसं शिकवशील, असं प्राचार्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "आधी मी त्याच्या हातात चिंचोके देईन. घरी जेवायला किती माणसं आहेत, गावाला किती गेली, किती उरली, हे त्यालाच मांडायला लावीन. पाटी नंतर." प्राचार्यांचं लिहिणं थांबलं. बाबारावसुद्धा हसले नाहीत. कुसुमताईंनी पहिल्या दोन भागांत भरभरून गुण दिले. मग त्यांची पाळी आली.

"तुम्हाला शिक्षिका का व्हायचं आहे?" त्यांनी विचारलं.

पलीकडे खुर्ची करकरली. मग तोच आवाज, पण सैल पडलेला, जणू कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखा. "मले नं, लेकराईत राहाले आवडते. आमच्या गावी गुरुजी येतेत अन् जातेत. कोनी टिकत नाई. मी टिकीन जी."

"राहाले! टिकीन जी!" बाबारावांनी टेबलावर थाप मारली.

कुसुमताईंनी आवाज ओळखला. ती प्रेमिला होती. आता काय करायचं, याचा विचार करायला त्यांना वेळ लागला नाही, आणि पुढे आयुष्यभर त्यांना तेच खुपलं. सकाळपासून अशाच बोलीत बोललेल्या तीन-चार मुलींना त्यांनी शुद्ध भाषेचे थोडे तरी गुण दिले होते. इथे त्यांनी शून्य मांडलं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं स्वतःलाही वाटायला नको म्हणून. शून्य काढताना त्यांना आपण फार सरळ वागतो आहोत असं वाटलं, थोडा अभिमानही वाटला.

प्रेमिलाचा प्रवेश दीड गुणानं हुकला.

निकाल लागला त्या संध्याकाळी बाबारावांनी पेढे वाटले. त्यांच्या साडूची मुलगी आली होती, दोन देणगीदारांच्या सुना आल्या होत्या. कुसुमताईंनी न राहवून विचारलं, "या तिघी कशा काय एकदम?"

"तिघींनी बोलायला सुरुवात कशी केली, आठवतं?" बाबाराव डोळे मिचकावत म्हणाले. "'आदरणीय परीक्षकहो.' बाकी कुणी म्हणालं का तसं? पडदा फार कामाचा आहे, कुसुमताई. पूर्वी लोक बोटं दाखवायचे. आता कुणाची हिंमत नाही. दरवर्षी लावू."

त्या प्राचार्यांकडे धावल्या. प्राचार्यांनी खिडकी लावून घेतली. "पद्धत तुमची, पडदा तुमच्या आग्रहाचा. आता तुम्हीच तक्रार केलीत, तर लोक म्हणतील भाचीला नाही मिळालं म्हणून. हो, क्रमांकावरून मी नाव पाहिलं मागाहून. चांगली मुलगी होती."

बळीराम आला नाही. दिवाळीत कुहीच्या कुणाकडून तरी कळलं की प्रेमिलाचं लग्न झालं, कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशावर काम करणाऱ्याशी. कुसुमताईंना आमंत्रण नव्हतं.

भाऊ वारला तो ब्याऐंशी साली. त्यांना निरोप पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. मग एका रविवारी त्या बसनं कोराडीला गेल्या. वसाहतीत पत्ता विचारत फिरल्या. दोरीवरच्या कपड्यांवर राखेची साय धरली होती. प्रेमिला दारात सूप पाखडत बसली होती. गालफडं वर आलेली, हाताला कुठलातरी भाजल्याचा व्रण. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

कुसुमताई बोलत सुटल्या. त्या वेळी मी तुला ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच कडक वागले. माझं चुकलं.

प्रेमिला सूप पाखडतच राहिली. "मले मालूम हाय. मीबी वळखलं होतं तुमाले."

"मला?"

"आवाजानं. तवापर्यंत मी कशी बोलून राहिली होती, आयकलं नं तुमी? सहा महिने आरशापुढं बोलबोल करून शिकली होती. पन पडद्यामागं कोनीतरी हासून राहिलं होतं, मले भेव वाटत होतं. मंग तुमचा आवाज आला. मले वाटलं, आता भेव काहून? आत्याबाई हाय. आपलं मानूस हाय. अन् मी घरच्यासारखी बोलली."

 आतून एक सहा-सात वर्षांची मुलगी आली आणि आईच्या पाठीला टेकून पाहुणीकडे बघू लागली.

"हिला माझ्याकडे पाठव," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी शिकवते. नंदनवनात राहील."

"नोको." प्रेमिलानं सूप खाली ठेवलं. तिच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "बाबा मरताना तुमचं नाव घेत होते. कुसुमले बोलवा म्हणे. म्याच नाई बोलवू देलं. तुमी आता जा आत्याबाई. हिचे बाबा ड्युटीवरून येतेत, तेह्यले तुमचं आलेलं चालनार नाई."

पुढच्या जूनमध्ये कुसुमताईंनी शुद्ध भाषेचे गुण काढून टाकावेत असं समितीपुढे मांडलं. कुणी दुजोरा दिला नाही. मग त्यांनी आलेल्या प्रत्येक मुलीला त्या भागात पूर्ण गुण द्यायला सुरुवात केली, अडखळणारीला, बोबडीला, सगळ्यांना. दोन दिवसांत ते बाबारावांच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी छोटासा समारंभ झाला. आदर्श प्रवेशपद्धती घालून दिल्याबद्दल कुसुमताईंना शाल आणि नारळ देण्यात आला, आणि प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना समितीच्या कामातून मोकळं केल्याचं जाहीर झालं. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. टाळ्या वाजल्या. त्यांनी शाल घेतली, मान लववली आणि स्वच्छ, निर्दोष मराठीत सगळ्यांचे आभार मानले.