चेनवाल्या काकूंची चिवटी

काठी टेकत काकू दुकानात शिरल्या आणि थेट खिडकीपाशी गेल्या. कुंडीतलं त्यांचं लाडकं झाड, चिवटी, जागेवरच होतं, पण रया गेलेलं. एरवी फुलासारखी एकावर एक रचलेली चिवटीची जाडजूड, टणक पानं आता काचेसारखी पारदर्शक दिसत होती. काकूंनी एकाला नुसतं बोट लावलं, तर ते पिकल्या द्राक्षासारखं सुटून हातात आलं.

"हिला पाणी कोणी घातलं?"

मागे तिघं उभी होती. काकूंचा मुलगा, त्यांची धाकटी बहीण आणि शेजारच्या दुकानातला चष्मेवाला.

"मी घालत होते ना रोज," धाकटी म्हणाली. "तू दवाखान्यात पडलेली. म्हटलं, निदान ताईच्या झाडाची आबाळ नको."

"रोज?" चष्मेवाला चपापला. "अहो, मीसुद्धा दुकान बंद करताना एक ग्लास..."

काकूंनी मुलाकडे पाहिलं.

"कधीतरीच घातलं गं. माती वरून कोरडी दिसली की."

"छान. तिघांनी मिळून बुडवलीत."

बॅगांच्या चेन बदलणं हा काकूंचा धंदा. नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. तेव्हापासून त्या या पायमशीनवर बसल्या त्या गेल्या महिन्यात खुब्याचं हाड मोडेपर्यंत. लोक बॅग टाकूनच द्यायला निघायचे. काकू पकडीनं चेनचा सैल रनर दाबायच्या, दात्यांवर मेण घासायच्या आणि बॅग पुन्हा प्रवासाला धाडायच्या. चिवटीला त्या पाणी द्यायच्या ते पानांना सुरकुती पडली की, एकदाच, भरपूर. मग पुन्हा ढुंकून बघायचं नाही.

"जाऊ दे ना आई, नवं घेऊ," मुलगा म्हणाला. "माझ्या बाल्कनीत हव्या तेवढ्या कुंड्या ठेव. तुझी खोली लावून झालीय. मशीनला गिऱ्हाईकही मिळालंय, टेम्पो येतोच आहे."

"मला विचारलंस?"

"यात विचारायचं काय? आयुष्यभर राबलीस. आता जागेवरून हलायचंसुद्धा नाही. पाणीदेखील हातात मिळेल."

काकूंनी ते गळालेलं पान त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे बघ. हिलाही सगळं हातात मिळत होतं."

काकूंनी चिवटी मातीतून उपटली, रेक्झिन कापायची सुरी घेतली आणि देठावर चालवली. पहिली चकती काळी निघाली. दुसरीत तपकिरी कडं. तिसरी चकती पडली तेव्हा आतलं स्वच्छ, फिकट हिरवं दिसलं. उरलेला शेंडा त्यांनी रनरच्या रिकाम्या डबीवर नुसताच ठेवला.

"अगं, ओल्या फडक्यात तरी गुंडाळ तिला," धाकटी कळवळली.

"हात लावून तर बघ. आधी जखम सुकू दे. मग कोरड्या वाळूत बसवीन, आणि मुळं फुटल्याशिवाय थेंबसुद्धा देणार नाही."

"जगेल का हो काकू?" चष्मेवाल्यानं हळूच विचारलं.

"माहीत नाही. पण मेलीच तर तिच्या तिच्या मरणानं मरेल. तुमच्या मायेनं नाही."

बाहेर हॉर्न वाजला. मुलानं दाराकडे पाहिलं, मग आईकडे. काकू मशीनच्या स्टुलावर बसायला निघाल्या होत्या. तो धरायला पुढे झाला, तशी त्यांनी काठी आडवी धरली.

"आई, पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन. उठता नाही आलं तर तुलाच हाक मारीन, शेजारीपाजारी गोळा होतील एवढ्या जोरात. पण हाक मारायच्या आधी धावत यायचं नाही."

"आणि टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"सांग, मशीनवर बाई बसलीय. बाईसकट उचलता येत असेल तर ये म्हणावं."

चष्मेवाल्याला हसू फुटलं, पण मुलाचा चेहरा बघून त्यानं ते खोकल्यात ढकललं. मुलगा उंबऱ्यात घुटमळला, ते पान मुठीत तसंच धरून, आणि मग बाहेर गेला.

एक बॅग अर्धवट उसवलेली पडली होती. काकूंनी ती मशीनच्या सुईखाली सरकवली आणि धडधाकट पायानं खालची पट्टी दाबली. खुब्यातून कळ आली, टाका वाकडा गेला.

"राहू दे ना गं ताई आजच्या दिवस," धाकटी म्हणाली.

काकूंनी ती शिवण उसवली, दोरा नव्यानं ओवला आणि पुन्हा पट्टीवर पाय ठेवला.