नव्या पिस्टनची गोष्ट

नंदनवन वस्तीतला माझा मेकॅनिक आता थकला आहे. सिलिंडर उघडला की डोळे मिटून आत बोट फिरवतो आणि इंजिनालाच विचारतो, "काहून गा, दमला काय?" गुडघे त्याचे दुखतात, पण स्टूल गिऱ्हाइकाला देतो.

माझ्या जुन्या मोटरसायकलचा पिस्टन त्यानं टाइट बसवला, असं मोहल्ल्यात म्हणतात. ते मीच पसरवलं. नवा पिस्टन टाकल्यावर त्यानं बजावलं होतं, "काकाजी, काही दिवस हळू चालवा. पळवली तं इंजिन जाम होते." मी रामटेकच्या रस्त्यावर पळवली, आणि इंजिन जाम झालं.

परवा त्यानं इंजिन पुन्हा उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. "हे टाइट बसून घासलं नाही," तो हळूच म्हणाला, "तापून चिकटलं."

तेवढ्यात स्कूटर दुरुस्तीला घेऊन आलेला माझा शेजारी हसला. "तूच बसवला होता ना गा हा पिस्टन?"

"मीच."

शेजारी स्कूटर ढकलत पुढच्या गॅरेजकडे गेला. मी त्यानंच दिलेल्या स्टुलावर बसून होतो.

पिस्टन पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काकाजी, या बारीले सुरुवातीचे दिवस मीच चालवतो. मंग घेऊन जा."

मी फक्त मान हलवली.