हिरव्या लोलकाचे डूल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्ही समोर बसून ऐकताय असं समजते — नाहीतर धीर व्हायचा नाही. घरात सगळे मला भोळी म्हणतात. म्हणोत बापडे.

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. आम्ही शहापूरचे, धानाची शेती. थोरल्या दादाचं लग्न झालं आणि वैनी घरात आली — सावळी, हसरी, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. तिनं मला सायकल शिकवली. आई मारायला धावली की मध्ये उभी राहायची. माझा तिच्यावर फार जीव होता, अजूनही आहे. म्हणून तर हे सांगणं इतकं जड जातंय.

तिच्याजवळ चांदीचे जुने डूल होते. खाली चांदीची इवलीशी टोपी, आणि त्या टोपीत बसवलेला हिरव्या काचेचा लोलक. तिच्या आईचे. आई तिच्या लहानपणीच गेलेली. तिची खूण म्हणून एवढंच उरलेलं. मागितले असते तर वैनीनं हसत दिले असते. मग न विचारता का घेतले? कोण जाणे!

दिवाळीनंतर कारध्याच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, मी ते घालून मिरवले. गर्दीत धक्का लागला आणि एक लोलक टोपीतून निखळला. फुटला नाही, सापडला. घरी येऊन मी तो बाभळीच्या डिंकानं चिकटवला आणि डूल वैनीच्या डबीत परत ठेवून दिले. पण चोराच्या मनात चांदणं — वैनीनं डबीला हात लावला की मी काहीतरी काम काढून तिला हाक मारायचे. लोलक आज ना उद्या सुटणार, आणि टोपीत डिंक दिसणार. मग तिची लाडकी नणंद कुठे राहिली?

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं नाही.

आमच्याकडे धानाची लावणी, म्हणजे रोवणा, सरतो त्या दिवशी, पाण्यानं भरलेल्या शेवटच्या बांधीत, धान लावणाऱ्या बाया एकमेकींना चिखल फासतात. घरच्या सुनेलाही सोडत नाहीत. त्या सकाळी मीच म्हटलं, "वैनी, आज डूल घाल ना. साजरे दिसतेत तुले." आणि बांधीत सगळ्यांच्या आधी धावून तिच्या कानावर ओंजळभर चिखल लावला. लावला कसला — चोळला. कोणत्या कानाला, ते मला माहीत होतं ना! ती डोळे मिटून हसत होती.

लोलक गेला. टोपीतला डिंकही पाण्यानं स्वच्छ धुतला गेला. आम्ही सगळ्याजणी दिवस मावळेपर्यंत चिखल चाचपत राहिलो — मीसुद्धा. आईनं तिला वेंधळी म्हटलं. ती रडत मलाच म्हणाली, "माह्यंच ध्यान नव्हतं वं." पुढे दरवर्षी त्या बांधीत रोवताना तिची बोटं चिखलात जरा जास्तच रेंगाळायची. मी तिच्या शेजारीच रोवत असायचे.

माझं लग्न झालं. सासरी निघताना वैनीनं उरलेला एक डूल माझ्या हातावर ठेवला.

"जोडी द्याची होती बाई तुले. माह्याच्यानं सांभाळली नाही गेली. माफ करजो मले."

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही का?

"जाऊ दे ना वैनी," मी म्हणाले. तिला जवळ घेतलं — आणि माफ केलं.