ठमी खोटं बसायला शिकली

बारक्याच्या पोटात दुखायला लागलं ते जाड्याचा फोटो बघून. खाल्लेलं काही बाधलं नव्हतं. बंदरावरच्या श्वानपथकात दोघं चौदा वर्षं बरोबरीनं राबलेले, आल्यागेल्या मालाच्या पेट्या कुत्र्यांकडून हुंगून घेणारे. आणि आज सूचनाफलकावर दोघांतला एकटा जाड्या! शेजारी सिनेमातला मोठा नट, मध्ये जाड्याचा म्हातारा कुत्रा, आजोबा. तिघंही हसत होते. हो, कुत्रासुद्धा.

झालं होतं असं. बंदरावर सिनेमावाले उतरले होते. अमली मालाच्या धंद्यावरची, चार देशांत पसरलेली गोष्ट. तिच्यात एक तस्कर, त्याची साळसूद बायको, एक न्यायाधीश, नशेत बुडालेली त्याची मुलगी, दोन पोलीस, असा सगळा गोतावळा. बंदरातल्या प्रसंगाला कुत्रा हवा होता, आणि पहिला मान अर्थात ठमीचा.

ठमी बारक्याची कुत्री. काय नाक होतं तिचं! साबणाच्या वड्यांत, टायरांत, बाहुल्यांच्या पोटात, कुठंही माल दडवा, ती शोधायची आणि त्याच्यासमोर गपकन बसायची. मग बारक्या उजव्या खिशातून चेंडू काढून द्यायचा. एवढाच बिचारीचा पगार.

पण सिनेमातल्या पुड्यांत होता मैदा. ठमीनं बॅग हुंगली आणि पुढे गेली. तीनदा हुंगली, तीनदा पुढे गेली. आत काही नाही, तर बसेल कशाला? दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "हिला अभिनय येत नाही." तेवढ्यात जाड्यानं आजोबाला पुढे आणलं, लांबून चुटकी वाजवली, आणि आजोबानं त्या मैद्यासमोर बैठक मारली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या! मैदा शोधल्याबद्दल!

फोटो बघून बारक्या घरी आला तर बायको मोबाइल घेऊन बसलेली. "जाड्याभावजी काय झकास दिसतायत हो! पोटसुद्धा आत ओढलंय."

"जेवायला वाढ," बारक्या म्हणाला, आणि धड जेवला नाही.

गोदामातला एक प्रसंग अजून बाकी होता. बारक्यानं दिग्दर्शकाला गाठलं, आठवडाभराची मुदत मागून घेतली. जाड्याला कळलं तसा तो धावत आला.

"बारक्या, ऐक माझं. आजोबा पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, त्याचं काय बिघडणार आहे? ठमी कामाची आहे. तिला ह्या भानगडीत घालू नकोस."

वा रे शहाणा, बारक्याच्या मनात आलं. स्वतःचा फोटो लागला, आता दुसऱ्याचा नको. जळतोय मेला! खरं तर जळत होतं कोण, हे ठमीलाही कळलं असतं.

आठ दिवस तो घरामागच्या अंगणात खपला. बॅगेत मैदा ठेवायचा, ठमीला हुंगायला लावायचं, आणि आपण खिशावर हात ठेवायचा. बसली की चेंडू. पहिले दोन दिवस ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. इथं काही नाही, तुला कळत कसं नाही, असं तिचं तोंड. तिसऱ्या दिवशी बसली. चौथ्या दिवसापासून बॅग हुंगायचंही तिनं सोडलं, बारक्याच्या हाताकडे बघायची आणि बसायची. बारक्यानं तिला कवटाळलं. "माझी सोन्यासारखी पोर ती!"

प्रसंग एका दमात झाला. दोन दिवसांनी फलकावर दुसरा फोटो लागला, जाड्याच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा. बारक्यानं पट्टी लावून मोजला होता.

दीड महिन्यानं पथकाची सहामाही परीक्षा आली. वीस बॅगा ओळीनं मांडलेल्या, एकीतच खरा माल. कुठल्या बॅगेत, ते फक्त परीक्षकाला ठाऊक. बारक्यानं घामेजलेला हात खिशाला पुसला. ठमी बसली, भलत्याच बॅगेसमोर. बॅग उघडली, आत टॉवेल. त्यानं घाबरून परत हात पुसला, ती पुढच्या बॅगेसमोर बसली. मग त्याच्याही पुढच्या. चौदाव्या बॅगेत माल होता. बारक्यानं तेव्हा हात पाठीमागे बांधले होते, म्हणून ती तिथं थांबलीही नाही.

परीक्षक वाईट माणूस नव्हता. "हिच्यावर आता विश्वास नाही ठेवता येणार," एवढंच म्हणाला आणि कागदावर सही केली. वयाच्या सहाव्या वर्षी ठमीची नोकरी गेली. जाड्या बाहेरच उभा होता. त्यानं ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला. 'सांगितलं होतं ना,' म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

वर्षानं सिनेमा लागला. सगळं पथक सहकुटुंब गेलं. गोदामाचा प्रसंग आला, ठमी पडदाभर दिसली, मैद्यासमोर बसली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिची दोरी त्या नटाच्या हातात होती. खिशावर हात ठेवून उभा असलेला बारक्या चौकटीच्या बाहेर होता. बायको कुजबुजली, "अहो, तुम्ही कुठं आहात?"

घरी आल्यावर किल्लीसाठी त्यानं उजव्या खिशाकडे हात नेला. नोकरी गेल्यापासून त्याच्याकडेच राहणारी, दारात वाट बघत असलेली ठमी झटकन बसली. समोर चपलांशिवाय काही नव्हतं. शेपटी हलवत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

बारक्यानं चेंडू काढून तिला दिला. काय करणार? बसली की चेंडू, हे त्यानंच कबूल केलं होतं.