भाऊजींचं शेवटचं अपडेट

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला बाजारात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना अपडेटराव म्हणतात, आणि हे नाव लोकांनी आदराने दिलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. मेहुणी असल्यामुळे त्यांची थट्टा करायचा परवाना मला ताईच्या लग्नातच मिळाला, आणि तो मी आजवर वाया जाऊ दिलेला नाही.

भाऊजींचा धंदा जुन्या सर्व्हरचा. मोठ्या कचेऱ्यांत ही यंत्रं वर्षानुवर्षं राबतात आणि नवी आली की त्यांना मागच्या दाराने बाहेर काढतात. भाऊजी ती विकत घेतात, उघडतात, धूळ झाडतात, दुखणं शोधतात आणि लहान दुकानदारांना, दवाखान्यांना विकतात. इथवर सगळं ठीक आहे. घोडं अडतं ते बायोसपाशी. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. मशीन जागं झालं की आपण कोण, आपली मेमरी किती, पंखे किती, हे त्याला या बायोसमुळे कळतं. कंपनी अधूनमधून त्याची नवी आवृत्ती काढते. शहाणा माणूस काही अडलं असेल तरच ती घालतो. भाऊजींना मात्र जुनी आवृत्ती दिसली की दुसऱ्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात दिसल्यासारखं होतं. हात गेल्याशिवाय राहत नाही.

हा हात सर्व्हरपुरताच असता तर मी हे लिहायलाही बसले नसते. माझी स्कूटर एकदा त्यांच्या दारात उभी होती. काही तक्रार नसताना त्यांनी तिचा कार्ब्युरेटर "जरा सुधारला", आणि मी ती ढकलत घरी नेली. ताईच्या कुकरची शिट्टी त्यांनी अशी सुधारली की आता कुकर शिट्टी देत नाही, नुसता उसासा टाकतो. दारावरची बेल सुधारल्यापासून पाहुणे दार वाजवतात. आपण बिघडवलं असं त्यांना कधीच वाटत नाही. पुढची आवृत्ती येईपर्यंत थोडी गैरसोय सोसावी लागते, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

अपडेटच्या बाबतीत त्यांचं एक ब्रह्मवाक्य आहे: पायरी चुकवायची नाही. खूप जुन्या आवृत्तीवरून एकदम सगळ्यात नवीवर उडी मारता येत नाही. मधल्या आवृत्त्या एकेक करून घालाव्या लागतात, कारण प्रत्येक आवृत्ती मशीनला पुढचीसाठी तयार करते. हे त्यांनी मला जेवणाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत आणि एकदा तर भर लिफ्टमध्ये समजावून सांगितलंय. त्या लिफ्टमधला एक अनोळखी माणूस पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने गेला. भाऊजींना वाटलं, त्याला मुद्दा पटला.

दुसरा नियम घरातल्यांसाठी. बायोस बदलत असताना मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं जातं, म्हणून अपडेट चालू असेतो घरात कोणी कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. दिवा नाही, मिक्सर नाही, पाण्याचा पंप तर नाहीच. वीज गेलीच तर आधार म्हणून त्यांनी बॅटरी ठेवलीय, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण तिचं अपडेट निघत नाही. मग जो जिथे असेल तिथे उभा राहतो. एकदा ताई अंघोळीला गेली होती आणि न्हाणीघरातला दिवा लावायचा राहिला होता. बिचारीने अंधारातच अंघोळ उरकली.

आता ताईबद्दल. ताई गायची. कार्यक्रम छोटे असत, पण आवाज असा हळुवार की शेवटच्या रांगेतली माणसं पुढे वाकून ऐकत आणि मागे टेकायचं विसरून जात. घराची पुढची खोली तिची होती. तिथे ती बसायची, गायची, दोन-चार जणींना शिकवायची. त्या खोलीत भाऊजींनी पहिला सर्व्हर "चार दिवसांसाठी" ठेवला. बोट धरू दिलं की मनगट धरणाऱ्यांपैकी आमचे भाऊजी. चार दिवसांची वर्षं झाली, एका सर्व्हरची भिंतभर मांडणी झाली, आणि शिकवणी बंद पडली.

ज्याने सर्व्हर सुरू होताना ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. त्याचे पंखे आधी पूर्ण वेगाने फिरतात, मग बायोसला सगळं आलबेल दिसलं की हळू होतात. भाऊजींकडे आलबेल मशीन येणार कुठून? त्यामुळे पंखे दिवसभर कोकलत असत आणि घरातली माणसं त्यांच्यावर ताण करून बोलत असत. पुढे ती सवयच लागली. ताई बँकेत गेली की तिच्या खात्याची खबर रखवालदारालाही लागते. परगावी शिकणाऱ्या भाचीला आईचा फोन आला की वसतिगृहाच्या आख्ख्या मजल्याला आज घरी काय भाजी आहे ते कळतं. आम्ही यावर खूप हसलो. ताईही हसायची, मोठ्याने.

मग या वर्षी ताई पन्नाशीला आली आणि एक दिवस तिने दारावर पाटी लावली: येत्या एक तारखेपासून गाण्याची शिकवणी. नावं नोंदवली, वेळ ठरवली आणि नंतर नवऱ्याला सांगितलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सांगितलं असतं तर पाटीत सुधारणा झाल्या असत्या.

"खोली रिकामी करून द्या," ती म्हणाली. "आता नाही तर मी पुन्हा कधी गाणार नाही. मला माझं माहीत आहे."

भाऊजी वाईट नाहीत, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. त्यांनी खरोखर धावपळ केली. लाकडाच्या वखारीच्या मालकाला गाठलं आणि हिशेबासाठी नि कॅमेऱ्यांसाठी सगळी मांडणीच घ्यायला त्याला राजी केलं. फक्त सगळ्यात मोठं मशीन सुरू होताना मेमरीची चूक दाखवत अडून बसलं होतं. भाऊजींनी मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने घासल्या, जागा बदलून बदलून बसवल्या. शेवटी एका खाचेत अडकलेली धूळ सापडली. ती निघाली आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, पंखेही हळू झाले. खोलीत इतकी शांतता झाली की आम्हाला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते घड्याळ आवाज करतं हेच आम्ही विसरलो होतो.

ताई दारात उभी होती.

"चालतंय ना?" तिने विचारलं.

"चालतंय."

"मग आता हात लावू नका."

भाऊजींनी वचन दिलं. पण जित्याची खोड. वखारवाला रविवारी सकाळी येणार होता, आणि शनिवारी दुपारी ताई शिकवणीसाठी सतरंजी आणायला बाजारात गेली. मला तिने राखणीला बसवलं होतं. भाऊजी मशीनभोवती दोन-तीनदा फिरले, मग माझ्याकडे बघून म्हणाले की यातली आवृत्ती फार जुनी आहे, असा माल दुसऱ्याच्या घरी पाठवायला मन घेत नाही. मी त्यांना वचनाची आठवण दिली. ते म्हणाले, वचन दुरुस्तीबद्दल होतं, अपडेटबद्दल नव्हतं. मी चांगलीच तापले. चालत्या मशीनला हात घालणं म्हणजे सुखातला जीव दुःखात घालणं, असं मी बोलत असतानाच त्यांनी बटण दाबलं. आणि बटण दाबल्यावर त्यांच्याच नियमाने मी काहीच करू शकत नव्हते. चालू अपडेट थांबवणं म्हणजे मशीन मारणं. मी खुर्चीवर गप्प बसून राहिले आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

पण खरी कमाल पुढेच आहे. ताई यायच्या आत उरकायचं, म्हणून या गृहस्थांनी मधल्या सगळ्या आवृत्त्या गाळल्या आणि थेट शेवटची घातली. पायरी चुकवायची नाही म्हणून ज्यांनी लिफ्टमधल्या माणसालासुद्धा सोडलं नाही, त्यांनी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ताई परतली तेव्हा अपडेट किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ अर्ध्यावर होती. दारातच तिने आम्हाला दोघांना पुतळ्यांसारखं बघितलं आणि तिला सगळं कळलं. खांद्यावर गुंडाळलेली सतरंजी, एक हात दिव्याच्या बटणाकडे निघालेला. तो हात तिने सवयीने मागे घेतला. एवढा राग आलेला असतानाही मागे घेतला. ते पाहून मला भाऊजींचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता.

रेघ पूर्ण झाली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पंखे पूर्ण वेगाने ओरडायला लागले आणि हळू होईनात. मशीन चालत होतं, चूक एकही दाखवत नव्हतं, फक्त नव्या आवृत्तीला ते जुने पंखे ओळखू येत नव्हते. ती ओळख मधली आवृत्ती करून देते, आणि तीच तर गाळली होती. भाऊजींनी जुनी आवृत्ती परत घालून बघितली. मशीनने घेतली नाही. मधली घालून बघितली, तीही नाही. शेवटच्या आवृत्तीने आत शिरून मागचं दार लावून घेतलं होतं.

"मागे जाता येत नाही," भाऊजी ओरडून म्हणाले. ओरडल्याशिवाय ऐकूच आलं नसतं.

ताईने सतरंजी भिंतीला टेकवून ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

रविवारी वखारवाला आला. भाऊजींनी ठरवलं होतं की त्याच्याकडून मुदत मागायची, म्हणजे तोवर कंपनी नवं काहीतरी काढेल. मुदत म्हणजे एक तारीख गेली, आणि एक तारीख गेली म्हणजे ताईचं गाणं गेलं. ते त्याच्या कानाशी जाऊन आवाजाबद्दल दिलगिरी सांगायला लागले. वखारवाला जन्मभर करवतीच्या पात्यांशेजारी बसलेला माणूस. त्याने शांतपणे विचारलं, कसला आवाज? मग मशीनच्या पाठीवर पंजा ठेवून त्याची थरथर बघितली आणि मान डोलावली. भाऊजी पुन्हा सुरू झाले: एक आठवडा द्या, मी फक्त एक छोटं अपडेट...

ताई पुढे आली. "दादा, हे असंच कोकलत राहणार. आवाज कमी होईल असं मी सांगणार नाही. बाकी सगळं चालतं."

"वखारीत कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. "चालतंय ना?"

"चालतंय."

"मग चढवा टेम्पोत."

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. भाऊजी टेम्पो दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभे होते. त्यानंतर ते वखारवाल्याला दर आठवड्याला फोन करून मशीनची चौकशी करायला लागले. त्याला फोनवर काही ऐकू येत नाही, त्यामुळे संबंध चांगले टिकून आहेत.

एक तारखेला मीही जाऊन बसले. फरशीवर मांडणीच्या पायांचे डाग होते, त्यांच्यावर ताईने नवी सतरंजी घातली होती. शेजारची शिंपीण आली होती, तिची सून आली होती, आणि आयुष्यभर गायचं राहून गेलेले, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका आले होते. ताईने डोळे मिटले आणि सा लावला.

काका दचकले. सुनेचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सूर बिनचूक होता, पण भिंतभर पंख्यांवर ताण करून लावावा इतका मोठा होता. ताई थांबली. पुन्हा लावला, तसाच. तिसऱ्यांदा तिने अगदी जपून घ्यायचा प्रयत्न केला आणि आवाज फाटला. हळू गायचं कसं, ते तिच्या गळ्याला आठवेना. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो ते हेच होतं, आणि आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात हा विचार आला नव्हता.

शिंपीण हळूच म्हणाली की आम्हाला एवढं मोठं जमणार नाही बाई. ताईने तिच्याकडे बघितलंच नाही. ती दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत होती.

"अहो, मागे जाता येतं का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भाऊजींना उत्तर शोधताना बघितलं. माझ्याकडे थट्टेची चार वाक्यं तयार होती, ती मी गिळली.

"पायरी पायरीने," ते शेवटी म्हणाले. "अगं, खालून सुरू कर. कितीही वेळ लागू दे. या वेळी मी एकही पायरी चुकवू देणार नाही."

मग ते घरभर फिरले. छताचा पंखा बंद केला. फ्रिजची पिन काढली. पंप बंद केला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून दुसऱ्या खोलीत गादीखाली ठेवून आले. परत येऊन उंबऱ्यावर बसले, मांडीवर हात ठेवून, अपडेट चालू असताना बसतात तसे. ताईने खालचा सा लावला. मोठाच होता. पुन्हा लावला. पुन्हा. काका पुढे वाकून ऐकायला लागले.

खोलीत अंधारून आलं होतं. मी दिवा लावायला हात पुढे केला. भाऊजींनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी हात मांडीवर ठेवला आणि अंधारातच बसून राहिले.